भिंतीकडे तोंड करून

ही १९७९ सालची गोष्ट. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत सासऱ्यांचं गिटार दुरुस्तीचं दुकान होतं. लाकूडकाम ह्यांच्याकडे, पिकअपवर केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळणं माझ्याकडे आणि कान सासऱ्यांचे. लोक लांबून यायचे ते त्या कानांसाठी.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली आवाज टिपणारे दोन पिकअप असतात, एक मानेजवळ, एक खालच्या टोकाला तारा टेकतात त्या ब्रिजजवळ. आम्ही हमबकर बसवायचो. त्यात शेजारी-शेजारी दोन गुंडाळ्या असतात, त्यामुळे विजेची घरघर येत नाही. मानेजवळचा आवाज गोल, भरदार. ब्रिजचा धारदार. गिटार तयार झाली की सासरे आमच्याकडे पाठ करून स्टुलावर बसत. समोर भिंतीवर सासूबाईंचा फोटो. मी स्विच वर नाहीतर खाली करून तारा छेडायची. वर म्हणजे मान, खाली म्हणजे ब्रिज. ते न वळता सांगत, "मान." "ब्रिज, पण बोथट. सूनबाई, पुन्हा गुंडाळ."

कुणी तोंड भरून कौतुक केलं की फोटोकडे बोट दाखवत. "मला काय कळतंय? हिला विचारून सांगतो." गिऱ्हाईक हसायचं, आम्हीही हसायचो.

माझी नणंद गिटार वाजवायची. चिवचिवाट फार, म्हणून घरात तिला चिमणीच म्हणत. ही गोष्ट घडली त्याच्या दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वाद्यवृंदासाठी तिची निवडचाचणी व्हायची होती. एकच तुकडा वाजवायचा, आणि तो मानेच्या पिकअपवर की ब्रिजच्या, हे काही तिचं ठरेना.

"बाबाच ठरवतील," ती म्हणाली. "पण वहिनी, हा ब्रिजचा आवाज आहे की दाढेत सुई?"

"तीनदा गुंडाळलाय बाई. दर वेळी वेढे कमी करून आवाज आणखी टोकदार केला, तरी बाबा बोथटच म्हणतात."

"दादा, तू ऐकलास का रे?"

"बाबांपुढे मी कोण ऐकणार?" हे रंधा मारता मारता म्हणाले.

सासरे येऊन स्टुलावर बसले आणि थबकले. भिंत रिकामी होती. सकाळी ह्यांचा धक्का लागून फोटो पडला होता, काच तडकली होती, म्हणून नवी बसवायला दिला होता. सासऱ्यांनी बोटानेच वाजव अशी खूण केली.

मी स्विच खाली केला, तारा छेडल्या. सुई दाढेत गेली.

"मान," सासरे म्हणाले.

ह्यांचा रंधा थांबला. मला वाटलं, थट्टा करताहेत. पुन्हा ब्रिजच वाजवला.

"मानच. छान गोल आहे."

चिमणीने माझ्या हातून गिटार घेतली, स्विच वर केला, वाजवली.

कान पुढे करून ते म्हणाले, "ब्रिज... असावा."

असावा! हा शब्द त्या स्टुलावरून आम्ही कधी ऐकला नव्हता.

ते वळले. चिमणीच्या हाताकडे, स्विचकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काचेत दिसायचा गं हात. वर की खाली, एवढं दिसलं की पुरे व्हायचं."

"म्हणजे आईला विचारून..." चिमणी भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे बघत म्हणाली.

"खोटं कुठे बोललो? तिलाच विचारत होतो."

"कधीपासून, बाबा?"

"ती गेली, त्याच्या पुढच्या वर्षापासून. बारीक आवाज आधी गेले. वाटलं, तुमचेच पिकअप बोथट होताहेत."

मी टेबलावरच्या पिकअपांकडे बघत होते. ते सगळे मी त्यांच्या शब्दावर गुंडाळलेले.

सासरे उठले, स्टूल पुढे सरकवलं. "बस चिमणे. तोंड भिंतीकडे. हात मी फिरवतो."

आलटून-पालटून त्यांनी दोन्ही पिकअप वाजवले. चिमणी रडत होती, पण तिचं एकदाही चुकलं नाही. "मानेवर वाजवीन," ती म्हणाली. "ब्रिज मला नको."

चिमणीची निवड झाली. केस पिकेपर्यंत ती त्या वाद्यवृंदात होती. आता दूर लेकीकडे असते, फोनवर तशीच चिवचिवते. सासरे पुन्हा त्या स्टुलावर बसले नाहीत. शेवटपर्यंत ह्यांच्या शेजारी बसून लाकूड घासत राहिले, हाताला लागलेला खडबडीतपणा मात्र त्यांना कधी चुकला नाही. हे गेले, दुकान भाच्याने घेतलं. चिमणीच्या गिटारीचा ब्रिजचा पिकअप मी तेव्हाच, निवडीनंतर लगेच, चौथ्यांदा गुंडाळला होता, माझ्या कानाने.

फोटो माझ्या खोलीत आहे. सासऱ्यांनी तो बिनकाचेचाच परत आणवला, नवी काच बसवू दिली नाही. धूळ बसते, रोज पुसते.