चार चिठ्ठ्यांची गाडी

"एकोणीस वर्षं झाली, या गाडीचा एक स्क्रू बदलावा लागलेला नाही!" असं म्हणून भांडारसाहेबांनी गाडीच्या टपावर प्रेमाने थाप मारली, आणि बाजूचा आरसा निखळून त्यांच्या चपलेवर पडला.

कुंपणापलीकडे शेजारचे बँकवाले काका झाडांना पाणी घालत होते. त्यांनी पाइप जरा बाजूला धरला आणि म्हणाले, "बदलला नाही म्हणूनच पडला, साहेब."

साहेबांनी आरसा उचलला, रुमालाने पुसला आणि खिशात घालायचा प्रयत्न केला. खिशात तो मावला नाही, तेव्हा काखेत मारला. "आरसा म्हणजे काही गाडी नव्हे," ते म्हणाले.

भांडारसाहेब म्हणजे एका मोठ्या कचेरीच्या भांडार विभागाचे प्रमुख. कचेरीतली खुर्ची मोडली, पंखा कुरकुरला, कपाटाचं दार लोंबायला लागलं, की ती वस्तू साहेबांसमोर यायची. साहेब तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि रजिस्टरात लिहायचे, 'दुरुस्ती परवडणारी नाही. मोडीत काढावी.' नियम सरळ होता. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेला, की वस्तू भंगारात. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी चारशे खुर्च्या, दोन जिने आणि एक चांगली चालणारी लिफ्ट मोडीत काढली होती. शिपाईसुद्धा त्यांच्यासमोर खोकायला घाबरायचे.

अशा माणसाच्या दारात ही गाडी उभी होती. दोन दारांची, पुढची सीट दुमडून मागे शिरायची, रंग कधीकाळी निळा.

आता साहेबांचं एकट्याचं प्रकरण असतं तर ती तशीच आणखी एकोणीस वर्षं उभी राहिली असती. पण त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, बढती मिळाली होती. पंचवीस वर्षं वर्गात खडू झिजवल्यावर बाई मुख्याध्यापिका होणार होत्या, पण शाळा होती गावाबाहेर, टेकडीपलीकडे. घंटा साडेसातची, आणि पहिली बस पोचायची सव्वाआठला. पहिल्या तारखेला घंटेआधी हजर झाल्या नाहीत, तर खुर्ची जाणार होती दुसऱ्या एका बाईंकडे, ज्यांच्याजवळ स्वतःची स्कूटर होती आणि ज्या ती गोष्ट सगळ्यांना सांगत फिरत होत्या.

बाईंनी पन्नाशीत गाडी शिकून घेतली. परीक्षा गुरुवारी होती. क्लासची गाडी त्या दिवशी अडकलेली, म्हणून घरची गाडी न्यायची. ही तारीख चुकली की पुढची दीड महिन्याने.

"अहो, एक काय ते ठरवा," बाई म्हणाल्या. "नीट करा नाहीतर विका. विकलीत तर मी भाड्याने गाडी आणीन. पण गुरुवारी मला रस्त्यावर तमाशा नकोय."

"अगं, तिला झालंय काय?"

"हॉर्न वाजत नाही. पलीकडचं दार दोरीने बांधलंय. मी गाडी सुरू केली की माझी सीट सरकून मागे जाते आणि माझे पाय हवेत राहतात. आणि आता तो आरसा तुमच्या काखेत आहे."

"किरकोळ आहे सगळं," साहेब म्हणाले.

किरकोळ काय आणि किती, ते विचारायला साहेब गाडी घेऊन वस्तादांकडे गेले. वस्ताद म्हणजे बाजाराच्या टोकाला गॅरेज असलेला म्हातारा मेकॅनिक. त्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि एखाद्या आजारी माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं हळूच बंद केलं.

"दोन दिवस माझ्याकडे सोडा, साहेब. चारही कामं एकदम करतो. ती एकमेकांत गुंतलेली आहेत. हॉर्नची वायर सीटखालून जाते. सीट हलली की वायर हलते. एकाला हात लावला की दुसरं बोंबलतं."

मग त्यांनी चारही कामांचा मिळून आकडा सांगितला. साहेबांनी मनातल्या मनात गाडीची आजची किंमत काढली, तिचं निम्मं केलं. आकडा निम्म्याच्या चांगलाच वर होता. म्हणजे नियमाप्रमाणे गाडी मोडीत. चारशे खुर्च्या एका रांगेत उभ्या राहून आपल्याकडे बघताहेत असं त्यांना वाटलं.

"खरं सांगू का?" वस्ताद म्हणाले. "एवढं करण्यापेक्षा—"

"ते सांगू नका," साहेब म्हणाले आणि गाडी घेऊन निघाले.

रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. पण सकाळी दाढी करताना त्यांना वाट सापडली. कचेरीत असं काही अंगाशी आलं, की एक रामबाण उपाय असायचा : कामाचे तुकडे पाडायचे. मोठ्या कामाला मंजुरी लागते, तुकड्याला लागत नाही. अशा अकरा तुकड्यांत साहेबांनी पूर्वी एक अख्खी खोली बांधून घेतली होती. दार मात्र कुणाच्याच तुकड्यात आलं नाही, त्यामुळे त्या खोलीत अजूनही खिडकीतून उतरावं लागतं. पण कागदावर सगळं चोख होतं.

तर साहेबांनी चार चिठ्ठ्या केल्या. चार कामं, चार माणसं, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. प्रत्येक काम निम्म्याच्या खूप खाली. चिठ्ठीवर काम मोजक्या शब्दांत लिहिलं, कारण जास्त शब्द लिहिले की माणूस जास्त पैसे मागतो, हा त्यांचा अनुभव.

काचवाल्याच्या चिठ्ठीवर होतं, 'आरसा हलता कामा नये.' त्याने आरसा असा चिकटवला की हत्ती लटकला तरी हलला नसता. पण तो चिकटवताना साहेब मागे उभं राहून आकाशाकडे बघत होते, आज पाऊस येतो की काय म्हणून. आरसाही तिकडेच बघत राहिला.

वायरमनची चिठ्ठी : 'हॉर्न वाजला पाहिजे.' त्याने नवी वायर ओढली, सीटखालून मोकळी सोडली. हॉर्न वाजला. साहेबांनी खाली सही केली, 'काम समाधानकारक.'

वेल्डरची चिठ्ठी : 'दार घट्ट बंद व्हावे.' वेल्डरने ती दोनदा वाचली आणि विचारलं, "बस, एवढंच?"

"एवढंच. फाटे फोडू नका," साहेब म्हणाले.

शेवटी बुधवारी संध्याकाळी सीटवाला घरीच आला. चिठ्ठी : 'सीट मागे जाता कामा नये.' त्याने सीट पुढे ओढली, अगदी पुढे, आणि चार जाड बोल्टांनी गाडीच्या जमिनीला आवळून टाकली. साहेब बसून बघायला गेले, तर त्यांचं पोट आणि स्टिअरिंग यांच्यात वाद झाला आणि स्टिअरिंग जिंकलं.

"तुम्ही बसणार की बाईसाहेब?" सीटवाल्याने विचारलं.

"त्या बसणार."

"मग त्यांच्या मापाने बरोबर आहे."

बाई होत्याच मुळात बारीक. साहेबांनी चौथी सही केली. चारही कामं समाधानकारक झाली होती. गाडी तेवढी कुणी चालवून पाहिली नव्हती, पण ते कुठल्याच चिठ्ठीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी बाई सीटवर बसल्या आणि हॉर्न वाजायला लागला. थांबेना. बँकवाले काका चहाचा कप घेऊन बाहेर आले. बाई उठल्या, हॉर्न थांबला. बसल्या, वाजला.

"सीटखाली वायर दबत असेल," काका म्हणाले. "वहिनी, जरा एका कुशीवर बसून बघा."

बाई दाराच्या बाजूला कलल्या. शांतता पसरली. बाईंनी तशाच कललेल्या अवस्थेत नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पंचवीस वर्षांचे नापास विद्यार्थी उभे होते.

"समाधानकारक?" त्यांनी विचारलं.

साहेब पलीकडच्या बाजूने सीट दुमडून गपचूप मागे जाऊन बसले. दार नुसतं लोटलेलंच राहिलं.

परीक्षेच्या मैदानावर निरीक्षक आले. माणूस आडवातिडवा, मिशा जाड, हातात पॅड. त्यांनी मागे वाकून पाहिलं. "हे कोण?"

"गाडीचे मालक," बाई म्हणाल्या.

"बसू देत. पण परीक्षा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही." मग त्यांनी पलीकडचं दार धरलं, शेजारी बसले आणि म्हणाले, "आधी दार नीट लागतं का ते बघू." त्यांनी सगळी ताकद लावून दार आपटलं.

खट्ट! असा काही गोड आवाज झाला की साहेबांचे डोळे पाणावले. एकोणीस वर्षांत ते दार असं कधी लागलं नव्हतं. निरीक्षकांनी पॅडवर खूण केली.

बाईंनी गाडी काढली. एक गोल, एक आठचा आकडा, मागे घेऊन खांबांमध्ये लावणं. सगळं झालं, तेही एका कुशीवर. मध्येच विसरून त्या सरळ बसल्या की हॉर्न ठणाणा करायचा आणि मैदानावरचे बाकीचे उमेदवार रस्ता सोडून पळायचे.

"तुम्ही वाकड्या का बसताय?"

"मला असंच दिसतं," बाई म्हणाल्या.

"आरशात काय दिसतंय मागचं?"

बाईंनी आरशात पाहिलं. "घार," त्या म्हणाल्या. "दोन आहेत."

निरीक्षकांनी पेन टोपणात घातलं. "पुरे. उतरतो मी." त्यांनी दाराचा खटका ओढला. मग दोन हातांनी ओढला. मग खांदा लावला. दार घट्ट बंद झालं होतं. उघडण्याबद्दल चिठ्ठीत अवाक्षर नव्हतं.

बाई आपल्या बाजूने उतरल्या आणि बाहेरून ओढून पाहिलं. पाच उमेदवारांनी मिळून ओढलं. खिडकीची काच चार बोटं खाली येऊन थांबली. बाईंच्या बाजूने बाहेर पडावं, तर सीट जमिनीला आवळलेली आणि निरीक्षकांची कंबर स्टिअरिंगपलीकडे जाईना. मागे साहेबांचीही तीच गत. पुढची एक सीट दुमडत नव्हती आणि दुसऱ्या सीटवर निरीक्षक होते.

"मालक!" निरीक्षक ओरडले. "काहीतरी बोला!"

"परीक्षा संपली का?" साहेबांनी अदबीने विचारलं.

"दार फोडा कुणीतरी!"

"फोडायला हत्यार लागेल. ते वस्तादांकडे मिळेल," बाई म्हणाल्या. "बाजाराच्या टोकाला. मी नेते तुम्हाला."

"तुमच्याकडे लायसन्स नाही!"

"शेजारी निरीक्षक आहेत की," बाई म्हणाल्या, आणि एका कुशीवर बसून त्यांनी गाडी रस्त्यावर काढली.

बाजाराची वेळ, हातगाड्या, सायकली, मध्येच आडवं लावलेलं ट्रकचं धूड. आरशात नुसतं आभाळ, म्हणून निरीक्षक मान वळवून मागचं सांगत होते, "टेम्पो येतोय... गेला... आता घ्या, घ्या, घ्या!" गर्दी हटेना, तिथे बाई दोन सेकंद सरळ बसायच्या. रस्ता आपोआप मोकळा व्हायचा. चढावर त्यांनी गाडी अशी धरली की मागे एक बोटभर सरकली नाही. साहेब मागे डोळे मिटून बसले होते. ते गॅरेजमध्ये पोचल्यावरच उघडले.

वस्तादांनी गाडीभोवती फेरी मारली, दाराच्या फटीतून आत पाहिलं, आणि मग चार बोटांच्या खिडकीला तोंड लावून विचारलं, "साहेब, चारही कामं एकाच माणसाकडून करून घेतलीत का?"

"नाही," आतून आवाज आला.

"वाटलंच."

पहार लावून दार उचकटायला वीस मिनिटं गेली. निरीक्षक बाहेर आले, त्यांनी घाम पुसला, पाणी प्यायले आणि पॅडवर सही ठोकली. "बाई, तुम्ही पास. ही गाडी चालवलीत, आता तुम्ही काहीही चालवाल."

साहेबांना राहवलं नाही. "आणि गाडी?"

"गाडीची तपासणी माझ्याकडे नाही. ते टेबल वेगळं."

हे उत्तर ऐकून साहेबांना त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटला.

"आता तरी ठरवा," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात पास झाल्याचा कागद होता आणि कंबर धरली होती. "सोमवारी पहिली तारीख आहे. वस्ताद, तुम्ही सांगा."

"दोन दिवस द्या. चिठ्ठ्या सगळ्या फाडा, मी पहिल्यापासून—"

"आता उरलंय काय?" साहेब म्हणाले. "आरसा हलत नाही, हॉर्न वाजतो, सीट सरकत नाही. एका दारासाठी अख्खी गाडी उघडायची?" आणि त्यांनी खिशातून पाचवी चिठ्ठी काढली. त्यावर लिहिलं, 'दार उघडावे.' मग थोडा विचार करून पुढे जोडलं, 'व बंदही व्हावे.' वस्तादांनी ती वाचली, बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी मान डोलावल्यावरच कामाला हात घातला. वायर तेवढी त्यांनी चिठ्ठी नसताना सोडवली. त्याचे पैसे घेतले नाहीत. सांगितलंही नाही.

सोमवारी बाई सरळ बसून निघाल्या आणि सात वाजून बावीस मिनिटांनी शाळेत पोचल्या. घंटा व्हायला आठ मिनिटं होती. स्कूटरवाल्या बाई फाटकातच उभ्या होत्या, त्यांनी घड्याळ पाहिलं आणि आत निघून गेल्या. बाईंनी हजेरीपटावर सही केली आणि मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसल्या.

गाडीचा सायलेन्सर दुपारच्या टेम्पोने आला.