बांधलेला हात

तेव्हाचा आमचा डोक्याचा वॉर्ड म्हणजे बारा खाटा, एक कुरकुरणारा पंखा आणि तोंडाची फटकळ मी. नर्सची नोकरी सोडून नऊ वर्षं झाली, तरी फिनेलचा वास आला की जीव तिकडेच ओढ घेतो. सगळ्याजणी एकाच थर्मासमधला चहा प्यायचो आणि साखरेवरून भांडायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

डोक्याला मार लागलेला माणूस अर्धवट शुद्धीत हातपाय झाडतो, नळ्या उपसतो. म्हणून आम्ही मनगटाला कापूस गुंडाळून हात बँडेजनं खाटेला बांधायचो. मनगट सुजलं की गाठ आवळली म्हणायचं, सैल करायची आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. शिर सलामत तर पगडी पचास, हाच आमचा कायदा.

एकदा स्कूटरवरून पडलेला शिंपी आला. आठ दिवस त्यानं डोळे उघडले नाहीत. त्याची बायको रोज म्हणायची, "सिस्टर, उजव्या हाताला नुसता धक्का लागला तरी हे कण्हतात. एकदा बघा ना."

पाचव्या दिवशी मी खेकसले, "अहो बाई, आधी डोकं वाचू दे. हाताचं काय घेऊन बसलात?" त्यानंतर ती गप्पच झाली.

शिंपी वाचला. विसाव्या दिवशी त्यानं पेला उचलला आणि तो निसटला. मग कुठे एक्स-रे काढला. मनगटाचं हाड तो स्कूटरवरून पडला तेव्हाच मोडलेलं, आता वाकडंच जुळत आलेलं. ऑपरेशन झालं, पण कात्री धरण्याइतकी पकड काही परत आली नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी गाठी सोडून प्रत्येकाचं हाड न् हाड चाचपायला लागले. पण मन खातच होतं. वर्षानं पत्ता काढून त्याच्या दुकानात गेले. तो डाव्या हातानं कापडावर खडूच्या रेघा मारून देत होता आणि बायको कापत होती.

मी एका दमात बोलून टाकलं, "माझं चुकलं, दादा. वहिनी रोज सांगत होत्या, मीच त्यांना गप्प केलं."

त्याचा हात थांबला. "ही तर म्हणाली, हाताचं हिच्याच लक्षात आलं नाही. वर्षभर मी हिलाच बोल लावतोय."

बायको मान वर न करता म्हणाली, "सिस्टर, तुम्ही यांचा जीव वाचवलात. राग काढायला घरचंच माणूस बरं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मला मात्र दोघांकडेही बघवेना.