कस्तुरीच्या काखेतली गाठ

मी एक म्हातारी पेशी आहे, मित्रांनो. वय तीन आठवडे. मल्लेश्वरमच्या कस्तुरीच्या डाव्या दंडात, कातडीखाली, माझा जन्म गेला. अनोळखी काही आत शिरलं की त्याची खूण इतरांना दाखवायची, एवढंच माझं काम.

कस्तुरी नऊ वर्षांची. गल्लीतला करिया कुत्रा तिच्या हातची बिस्किटं खायचा. सहा दिवसांपूर्वी तोच तिच्या पोटरीला चावला. दवाखान्यात जखम धुतली, जखमेत औषध टोचलं, दंडात लस दिली. तीन दिवसांनी दुसरी दिली. तिसरी उद्या.

दुसऱ्या सुईतून रेबीजचा मेलेला विषाणू माझ्यापुढे आला. मी त्याला गिळलं, पोटातल्या आंबट पाण्यात बारीक कातरलं. माझ्या चिमटीत आधीपासून एक फोल तुकडा असतो, भलतंच काही अडकू नये म्हणून. तो सोडला आणि वैऱ्याचा तुकडा धरला. मग चालत चालत काखेतल्या गाठीत आले. इथून लाखो शिपाई पेशी जातात. हा तुकडा ओळखणारे त्यांत मोजकेच.

चिमटीत माझ्या बाई, वैऱ्याची खूण,
बघ रे शिपाया, घटकाभर थांबून.

एकेक येतो, चिमटीला नाक लावतो, "माझा नव्हे, अक्का," म्हणतो आणि जातो. हजारो गेले.

या धावपळीनं गाठ सुजली, आणि तिथेच घात झाला. हाडांतून घरातलं बोलणं ऐकू आलं.

"अप्पा, काखेत दुखतंय."

"बघितलंस, वाणी? सुईनंच गाठ आली," कस्तुरीचे अप्पा, विनोदकुमार, तिच्या आईला म्हणाले. "उद्या घरी गोंधळ. देवीच्या कार्यात पोरीला ताप नको, सुई राहू दे. स्वल्प तर चावलंय. करिया आपल्याच गल्लीतला."

अहो, ती गाठ म्हणजे माझी हाक आहे! पण मला तोंड नाही, मित्रांनो. नुसती चिमूट आहे.

"अप्पा, करियाचं बिस्किट कालपासून पायरीवरच आहे," कस्तुरी हळूच म्हणाली. "मुंग्या लागल्यात."

"चावलेला कुत्रा दिसेनासा होणं बरं नव्हे," आई म्हणाली.

तेवढ्यात एक शिपाई माझ्यापाशी थांबला. पुढे गेलाच नाही. "अक्का, हा माझा."

पण तो एकटा किती पुरणार? त्याला भाऊ हवेत, पुष्कळ. उद्याची सुई चुकली तर?

मित्रांनो, सुईची तारीख चुकवू नका. काखेत दुखलं तर सुईवर रागावू नका. दंडात माझ्या धाकट्या बहिणी वाट बघत उभ्या असतात.

"देवीला मी सांगते," वाणीचा आवाज आला. "सकाळी आधी सुई. तुम्ही ऑटो बघा."

अप्पा पुटपुटले, "सरी. बघतो ऑटो."

मी उद्या नसेन. तोवर चिमूट सोडणार नाही.