उसनी फाइल

“आता बघा हं,” म्हणत वेबपानं बनवायला शिकवणाऱ्या बाईंनी फाइलमध्ये एक ओळ लिहिली आणि पान पुन्हा उघडलं. पडद्यावर चौकट उमटली: ‘काय मंडळी, जागे आहात ना?’ नवा वर्ग खुदकन हसला. बाईही खुलल्या. आपण सांगू ते ब्राउझर ऐकतो, हे नवख्यांना पटवायला ही चौकट हमखास कामी येई.

मग त्या लायब्ररीकडे वळत. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली तयार कोडची फाइल. आपल्या पानाने तिला फक्त हाक मारायची. विद्यार्थ्यांना सोपं जावं म्हणून बाईंनी ती इंटरनेटवर आपल्याच जागेत ठेवली होती. सराव इथून करा, कामाच्या पानाला मात्र स्वतःची प्रत घ्या, हे त्या प्रत्येक वर्गाला बजावत. एका वर्गाला बजावायचं राहून गेलं होतं. आणि आज बोलण्याच्या भरात ती गमतीची ओळ त्यांनी नेमकी त्या मूळ फाइलीत लिहिली. तिला हाक मारणाऱ्या प्रत्येक पानावर आता ती चौकट उमटणार होती.

दुपारी मावशीचा फोन आला. ही त्या बजावायचं राहिलेल्या वर्गातली. अर्धं आयुष्य शिवणयंत्रावर वाकून चाळिशीत शिकायला आलेली. पोरं मावशी म्हणत, म्हणून बाईही तेच म्हणू लागल्या. तिचं पहिलंवहिलं काम म्हणजे एका शववाहिनीवाल्याचं पान. वडील गेलेल्या कुणीतरी गाडी मागवायला ते उघडलं, तर समोर चौकट: जागे आहात ना?

मावशीच्या आवाजात तक्रार नव्हती. मालकाला तिने चूक आपलीच म्हणून सांगून टाकलं होतं. “फाइल तुमच्याकडून येतेय, हे मला कळायला हवं होतं, बाई.”

 ओळ पुसून बाई तडक मालकाच्या ऑफिसात गेल्या. मावशी भिंतीला लागून उभी होती. तिच्याकडे न बघता बाईंनी सगळं सांगितलं. यात तिचा काडीचाही दोष नाही, हे दोनदा सांगितलं.

मालक भला माणूस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे ते सगळं तुमच्याकडूनच चालत होतं?”

“लायब्ररी सगळेच वापरतात हो. पान तिनंच केलंय.”

“असेल. पण मग पुढचं तुम्हीच बघा ना. मधे कशाला कुणी?”

बाई समजावत राहिल्या. रडून डोळे सुजलेल्या माणसालाही दिसावं म्हणून मोठं केलेलं बटण, एवढ्या दुःखात कुणाला टाइप करायला लागू नये म्हणून कमी केलेले प्रश्न, हे मावशीचं. मालक मान डोलावत होता, पण ती मान बाईंसाठी डोलत होती. हे काम मी घेणार नाही, असं त्यांनी निक्षून सांगितल्यावर तो म्हणाला, बरं, दुसरं कुणी शोधतो. मघापर्यंत मावशीकडे चूक तरी स्वतःची होती, कामही होतं. बाईंनी येऊन दोन्ही काढून घेतलं.

“निघते मी,” म्हणत मावशीने पिशवी उचलली.

जिना अरुंद होता. मावशी पुढे, गुडघे धरत बाई मागे.  प्रत्येक वळणावर मावशी थांबायची, पाठ तशीच ठेवून. बाईंची पावलं जवळ आली की पुढे उतरायची.

शेवटच्या वळणावर ती म्हणाली, “पुढची पायरी मोडकी आहे, बाई. कठडा धरा.”

आणि हात न देता उतरून गेली.