बाराक्षार आणि घोटभर पाणी

मंदाकिनीकाकूंच्या दाराची बेल वाजली की दिगंबरराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणत, "ओपीडी उघडली."

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत लिफ्ट बंद पडल्यावर सेक्रेटरीला जितक्या हाका जात, त्याहून जास्त काकूंना जात. कुणाच्या पोटात कळ, कुणाला सकाळपासून शिंका, कुणाच्या बाळाला दात येतायत आणि त्याने घर डोक्यावर घेतलंय. काकू सगळं ऐकून घेत, मग आत जाऊन कपबश्यांच्या सेटचं एक जुनं खोकं घेऊन येत. कपबश्या कधीच फुटून संपल्या होत्या, पण खोक्यातले पुठ्ठ्याचे खण धड होते आणि त्या खणांतून बाराक्षारांच्या बारा बाटल्या शहाण्या मुलांसारख्या बसलेल्या असत. कळीला मॅग फॉस, कोमट पाण्यातून. शिंकांना नॅट्रम मूर. नुकत्या चढलेल्या तापाला फेरम फॉस, आणि वर एक ताकीद, "उद्यापर्यंत उतरला नाही तर डॉक्टरांकडे जायचं, बरं का. माझ्या भरवशावर बसायचं नाही."

ही विद्या माहेरची. त्यांचे वडील बापूराव आडगावी शाळामास्तर होते. तिथे डॉक्टर नव्हता, म्हणून मास्तरांच्या कपाटात बाराक्षार होते. शरीराला जो क्षार कमी पडतो तो इवलासा दिला की बाकीचं ते आपलं आपण सावरतं, असं मास्तर सांगत. काकूंना ते फार आवडायचं. कुणावर जबरदस्ती नाही, कडूपणा नाही. जिभेवर ठेवायची, साखरेसारखी विरघळू द्यायची.

खरं तर अर्ध्या बायका गोळीसाठी येतच नसत. सासूचं, मुलाच्या परीक्षेचं, नवऱ्याच्या नोकरीचं सगळं बोलून झालं की चार गोळ्या घेऊन हलक्या होऊन जात. आणि जाताना जे हलकं होई ते जणू काकूंच्या अंगावर उतरे. दार लावून त्या भिंतीला टेकून उभ्या राहत. खुर्चीपर्यंत जायचंसुद्धा जिवावर येई.

हा थकवा गेल्या वर्षापासूनचा. आधी वाटलं वयाचा असेल. मग वैशाखात, अख्खं पुणं भाजून निघत असताना त्यांना शाल लागायला लागली. आरतीला आवाज निघेना, निघाला तर जाड, दुसऱ्याच बाईचा वाटावा असा. पोथी वाचता वाचता मान खाली जाई आणि जाग येई तेव्हा समईची वात विझत आलेली असे. देवासमोर झोप लागली याचं त्यांना इतकं वाईट वाटे की त्या तोच अध्याय पहिल्यापासून वाचत. आणि मग आणखी थकत.

स्वतःसाठी त्यांनी काली फॉस काढली होती. मनाच्या आणि अंगाच्या शिणवट्याला तीच. पहाटे उठल्या उठल्या चार गोळ्या जिभेखाली. चूळ भरायची ती आधी, त्यानंतर पाणी नाही.

पाणी नाही, कारण नेम होता. दोन वर्षांपूर्वी दिगंबररावांना हृदयाचा झटका आला आणि त्यांना काचेच्या दारापलीकडे नेलं. मुलगा सलिल कागदांवर सह्या करत इकडून तिकडे धावत होता. काकू बाकड्यावर एकट्या बसल्या होत्या. तिथे ना देवघर ना फूल. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "यांना घरी आण. तुझी पूजा होऊन तीर्थ घेईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालणार नाही." दिगंबरराव घरी आले. पूर्वीसारखेच तिरकस बोलत आले. त्या दिवसापासून नेम अखंड होता.

काकूंची पूजा म्हणजे उरकणं नव्हे. पंचामृताचा अभिषेक, सहस्रनाम, पोथीचा अध्याय. पूर्वी सगळं होऊन नऊला चहा व्हायचा. आता हातच चालेनात. कधी साडेदहा, कधी अकरा.

आणि नेमकं गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉइड सांगितलं होतं. गोळी साधी होती, नियम तेवढा कडक. उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे तासभर काही खायचं-प्यायचं नाही. काकूंनी मान डोलावली. घरी आल्यावर कळलं की हे बसत नाही. पूजेआधी पाणी नाही. पूजा झाली की पहिलं तोंडात जायचं ते तीर्थ, त्यात दूध, दही, मध. तोवर डोळ्यांपुढे अंधारी येत असायची, म्हणून लगेच चहा. मग कसलं रिकामं पोट? गोळी दुपारवर गेली, दुपारहून 'आठवेल तेव्हा'वर. पाकीट संपलं तेव्हा त्यांनी दुसरं आणलंच नाही.

"गोळी घेतलीस?" दिगंबरराव पहाटे पांघरुणातून विचारत.

"घेतली हो."

काली फॉसची घेतलेलीच असे. खोटं बोलल्या नव्हत्या, पण देवापुढे बसल्यावर ते वाक्य टोचत राही.

चैत्रातल्या एका दुपारी बेल वाजली. दिगंबरराव गॅलरीत आरामखुर्चीत होते. आज त्यांनी ओपीडीसुद्धा म्हटलं नाही, डुलकी लागली असावी. दारात वरच्या मजल्यावरची निकिता उभी होती, कडेवर सात महिन्यांची ओवी. केस कसेबसे बांधलेले, चेहरा सुजल्यासारखा, आणि एवढ्या उकाड्यात पायांत मोजे.

काकूंनी आधी त्या मोज्यांकडे पाहिलं.

"काकू, मी एकदम ड्रेन झालेय. ही रडते ना, तर मला पण रडू येतं. आमोद म्हणतो झोप काढ. झोपते, तरी उठल्यावर दमलेलीच." ती सोफ्यावर टेकली. "तुम्ही जे घेता ना, तेच मला द्या."

"मी काय घेते?"

"अहो, काका परवा लिफ्टमध्ये सांगत होते, तुम्हाला पण थायरॉइड निघालेलं. माझं डिलिव्हरीनंतर निघालं. डॉक्टरांनी गोळी दिलीय, पण मी सुरूच नाही केली. अंगावर पाजतेय, भीती वाटते. म्हटलं, तुम्ही कशा या गोड गोळ्यांवर सगळं करता! पूजा काय, पोथ्या काय. मी आईला पण सांगितलं, आमच्या खालच्या काकूंनी थायरॉइड बाराक्षारांनी पळवलं."

काली फॉसची बाटली एव्हाना काकूंच्या हातात आली होती. झाकण सैल करून झालं होतं. चार गोळ्या कागदात बांधून दिल्या असत्या तर मुलगी हसत वर गेली असती. ओवीने बाटलीकडे हात पुढे केला. काकूंनी झाकण फिरवून घट्ट केलं.

"निकिता, माझं काही पळालेलं नाही गं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी डॉक्टरांची गोळी बंद केलीय. कित्येक महिने झाले. आणि मी सगळं करते ते कसं करते, ते माझं मला ठाऊक. सकाळी अंथरुणातून उठताना भिंत धरते. तुझी ओवी उचलून घ्यावीशी वाटते, पण हातातून सुटेल म्हणून घेत नाही."

"पण मग का नाही घेत?"

"नेम आहे माझा. पूजेआधी पाणी घ्यायचं नाही."

"काकू! औषधाला कुठे काय असतं? आमची आजी निर्जळी करते ना, तेव्हा पण बीपीची गोळी घेते. तिला तर म्हणे तुम्हीच सांगितलंत, औषधाने उपास मोडत नाही म्हणून."

सांगितलं होतं. शास्त्रात औषधाला मोकळीक आहे, हे त्या सोसायटीभर सांगत आल्या होत्या. स्वतःला तेवढं कधी सांगितलं नव्हतं.

"तुझ्या डॉक्टरांना फोन कर," त्या म्हणाल्या. "अंगावर पाजताना चालते का, हे तेच सांगतील, मी नव्हे. आणि ही बाटली मी तुला देणार नाही. राग आला तरी चालेल."

"राग नाही." निकिताचे डोळे भरले होते, तरी ती हसली. "पण हे बरंय, मी एकटीनेच गोळी घ्यायची होय!"

ती गेल्यावर दार लावून काकू वळल्या. दिगंबरराव गॅलरीच्या दारात उभे होते. डुलकी लागलेली नव्हती.

"तीस वर्षं पालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढली," ते म्हणाले. "अर्ध्या पुण्याला पाणी सोडलं. आणि घरात बायको कोरडी."

"हळू बोला."

"हळूच बोलतोय. ती काली फॉस कशी चालते गं पूजेआधी?"

"ती विरघळते. गिळावी लागत नाही."

"वा! म्हणजे देवाने जिभेपर्यंत सूट दिलीय. गळ्यापासून पुढे संचारबंदी."

एरवी काकू हसल्या असत्या. आता खुर्चीचा हात धरून खाली बसल्या. बोलायचं नव्हतं, पण थकलेल्या माणसाला लपवणंही झेपत नाही. काचेचं दार, बाकडं, तिथे काय बोलल्या, सगळं त्यांनी सांगून टाकलं. दिगंबररावांना यातलं काही माहीत नव्हतं. बायको सोवळ्याची म्हणून उशिरा चहा घेते, एवढंच ते धरून चालले होते.

दिगंबररावांनी चष्मा काढून पुसला.

"माझ्यासाठी होय," ते म्हणाले. "आणि कधीपर्यंत?"

"काय कधीपर्यंत?"

"मुदत गं. सोळा सोमवारांनाही सोळा असतात. तू काय बोललीस?"

काकूंनी आठवून पाहिलं. बाकडं आठवलं, औषधाचा वास आठवला, जोडलेले हात आठवले. मुदत आठवेना. कारण ती बोललीच गेली नव्हती. इतकी व्रतं केली, सगळ्यांचे आकडे मुखोद्गत, आणि हे एक घाबरून बोललेलं, त्याला शेवटच लावायचा राहिला होता.

"घाईत राहिलं," त्या पुटपुटल्या.

"शाबास. म्हणजे मी आहे तोवर तू तहानलेली. मी नव्वदीपर्यंत जायचं ठरवलं, तर तू पुरशील का तोवर?"

"मोडलं आणि तुम्हाला काही झालं तर?"

दिगंबररावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते स्वयंपाकघरात गेले, भांडी आपटत चहा करून आले. साखर फार पडली होती. काकूंनी कप संपवला.

"मी तुझ्या देवाच्या कारभारात पडत नाही," ते कप ठेवत म्हणाले. "पण तुमच्यात उद्यापन असतं ना? मोडू नकोस. रीतसर संपव."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने पहिल्यांदाच धर्माचं काही सुचवलं होतं, आणि ते बरोबर होतं.

शुक्रवारी उद्यापन झालं. आदल्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टर बोलायचं ते बोलले, काकूंनी ऐकून घेतलं. पुरण घाटायची ताकद नव्हती. नैवेद्याला आयुष्यात पहिल्यांदा विकतचं श्रीखंड आलं. दिगंबरराव मंडईत जाऊन फुलं, नारळ आणि विड्याची पानं घेऊन आले. पानं जून निघाली, काकूंनी तीच मांडली. सवाष्ण म्हणून निकिताला जेवायला बोलावलं. तिने डॉक्टरांना फोन करून गोळी सुरू केली होती. फरक काहीच नाही म्हणून कुरकुरतही होती. काकूंनी तिची ओटी भरली. मग देवासमोर बसून त्या हळूच बोलल्या, "त्या दिवशी मुदत सांगायची राहिली. ती आज सांगते. आजपर्यंत." त्यांनी तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडलं. पुढे काही ऐकू येईल असं उगीच वाटत होतं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या भिंत धरून उठल्या. चूळ भरली. गोळी इवलीशी होती, बाराक्षारांएवढीच. पेला ओठांना लावला तेव्हा थोडं पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं. मग एक घोट आत गेला. थंड, छातीपर्यंत जाताना कळला. पहाटेचं पाणी कसं लागतं ते त्या विसरून गेल्या होत्या.

पेला तसाच ओट्यावर ठेवून त्या लगबगीने झोपायच्या खोलीशी गेल्या आणि दारात थांबल्या. आत अंधार होता. पांघरूण हलत नव्हतं. पंख्याच्या आवाजात श्वास ऐकू येईना. त्या एक पाऊल पुढे गेल्या, मग आणखी एक.

"आहे, आहे," दिगंबरराव डोळे मिटूनच म्हणाले. "जा, पड जरा."

काकू पडल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसल्या. पाय तेवढेच जड होते, डोळे तेवढेच मिटत होते. गुण यायला काही आठवडे लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तासाभराने देव धुवायचेच होते.

"फुलं आज तुम्ही काढाल?" त्यांनी विचारलं.

"काढतो," ते म्हणाले, कुशीवर वळले आणि पुन्हा घोरू लागले. काकू तो आवाज ऐकत बसून राहिल्या.