प्रतिमापूजन

“पहिल्या सोफ्यावर कडूबा पेंटर आणि त्यांच्या मंडळी बसतील,” मी म्हणाले. “अनावरण त्यांच्या चित्राचं आहे.”

“अन् साहेबांची मानसं कुठं बसवू? माझ्या डोक्यावर?” शांतिलालशेठ म्हणाले. “सतरा-अठरा जन येऊन राह्यले, सुमेधाबाई. पेंटरला तिसऱ्या लायनीत टाका. सीधा मानूस हे, काय बोलनार न्हाई.”

मी कडूबांना तिसऱ्या रांगेत टाकले. वाद घातला असता तर कदाचित जमलेही असते, पण माझ्या नेमणुकीची मुदत महिनाअखेर संपत होती आणि पुढच्या तीन वर्षांचे पत्र शेठजींच्या सहीवाचून अडले होते. सोफ्यासाठी कोण नोकरी घालवतो, असे मी स्वतःला सांगितले. असली वाक्ये मला फार चटकन सुचतात.

शांतिलालशेठ आमच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. बियाण्यांच्या पिढीजात धंद्यातले. आईच्या, म्हणजे लाडबाईंच्या नावाने त्यांनी जालन्यात सार्वजनिक कलादालन काढले आणि मुंबईत चित्रकला शिकून परत आलेली बदनापूरची मुलगी म्हणून मला त्याची मुख्य कार्यकारी अधिकारी केले. पद ऐकून लोक दबतात. प्रत्यक्षात मी एसी चालू आहे का ते बघते, चित्रांना टेकून उभे राहणाऱ्यांना हटकते आणि विश्वस्तांच्या सुनांनी काढलेली चित्रे फार छान आहेत असे म्हणते.

दालनात एकेचाळीस चित्रे होती. त्यांत अकरा गणपती, नऊ सूर्यास्त आणि सात धावत्या घोड्यांचे चित्र तीन वेळा, कारण ते वास्तूला चांगले असते. उरलेल्यांबद्दल न बोललेले बरे. बघायला येणारेही या चित्रांच्या लायकीचेच. एसटीला अवकाश असला की येतात, घोड्यांसमोर सेल्फी काढतात, थंड हवेत जरा टेकतात आणि संडास कुठे आहे ते मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला विचारतात. मी सांगते. सहा वर्षांत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न तोच आहे.

बेचाळिसावे चित्र कडूबांचे. कडूबा चाळीस वर्षे भिंती रंगवत होते. अंबड रस्त्याला, बदनापूर रस्त्याला बियाण्यांच्या, पाण्याच्या पंपांच्या, दंतमंजनाच्या जाहिराती त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आला आणि ते घरी बसले. दालनाची पाटी रंगवून घ्यायला मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा पलंगामागे एक प्लायवूडची फळी दिसली. आरशात बघून स्वतःचेच तोंड काढलेले. डोक्याला पांढरा रुमाल, पिकलेली दाढी, एक डोळा मिटलेला आणि दुसरा समोर रोखलेला. भिंतीवरची ओळ सरळ आली का ते पेंटर जसा बघतो, तसा. त्या डोळ्यासमोर मी उभी राहिले आणि मला माझीच लाज वाटली. चांगल्या चित्रासमोर पूर्वी मला असे होत असे. नंतर ते कधी थांबले ते कळलेही नव्हते.

ते चित्र दालनात कायमचे लागावे म्हणून मी विश्वस्तांशी आठ महिने भांडले. “भिंती रंगवनाऱ्याचं चित्र?” असे एकाने तोंड वाकडे करून विचारले होते. त्याच्या सुनेचे तीन सूर्यास्त आमच्याकडे आहेत. शेवटी साहेबांच्या हस्ते अनावरण करायची टूम निघाली, तेव्हा सगळे एका दिवसात तयार झाले. साहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी. नाव सांगत नाही, कारण कुठलेही चालेल.

रविवारी अकराचा कार्यक्रम सव्वा वाजता सुरू झाला. सूत्रसंचालन मच्छिंद्र सरांकडे होते. साखरपुड्यापासून श्रद्धांजलीपर्यंत गावातले सगळे कार्यक्रम मच्छिंद्र सर एकाच आवाजात करतात आणि मध्ये मध्ये स्वतःच्या चारोळ्या घुसडतात. “हार, कुंकू, उदबत्ती, काही नको. फक्त पडदा बाजूला करायचा,” असे मी त्यांना दोनदा बजावले होते. त्यांनी दोनदा मान डोलावली होती. तरी पडद्याशेजारी ताट तयार होतेच. ताटाशिवाय कार्यक्रम त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

साहेबांनी दोरी ओढली. पडदा सरकला. चौकटीत पांढऱ्या दाढीचा म्हातारा. मच्छिंद्र सरांनी ताट पुढे केले. समोर चौकटीत म्हातारा आणि हातात हार, एवढे झाल्यावर साहेब आयुष्यभर जे करत आले तेच त्यांनी केले. झेंडूचा जाड हार चित्राला घातला, कपाळाला कुंकवाचे बोट लावले, उदबत्ती ओवाळली आणि दोन पावले मागे सरून हात जोडले. मागोमाग पुढच्या सोफ्यांवरच्या सतरा-अठरा जणांनी रांगेने फुले वाहिली. कोणी कोणाला काही विचारले नाही.

“कैलासवासी कडूबा पेंटर आज आपल्यात न्हाईत,” साहेबांनी माइकवर सुरुवात केली. “पन त्यांचा हा ध्यानस्थ चेहरा आपल्याला कायम रस्ता दाखवत राहील.” मिटलेला डोळा त्यांना ध्यान वाटला होता. उघड्या डोळ्याचे काय करावे ते बहुधा सुचले नाही. दहा मिनिटे ते कडूबांच्या आठवणी सांगत होते. कडूबांच्या आयुष्यात ते कधीच आलेले नव्हते, पण आठवणी होत्या. मग त्यांनी सर्वांना दोन मिनिटे शांत उभे राहायला सांगितले.

तिसऱ्या रांगेत कडूबाही उभे राहिले. नवा सदरा, हात शाळेतल्या मुलासारखे अंगाशी घट्ट. सगळे उभे, म्हणून तेही उभे. शेजारी त्यांच्या बायको, उषाबाई, मात्र बसून राहिल्या. त्या चित्राकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

“बाई, हा तर जिंदा हे ना?” शेठजी माझ्या कानाशी कुजबुजले.

“ते काय, समोर उभे आहेत.”

“मंग बिलकुल बोलू नका. साहेबांची हशी व्हईल. नंतर बघू बराबर.”

आभार माझ्याकडे होते. माइक हातात आला तेव्हा एकच वाक्य बोलायचे होते. कडूबा पेंटर आपल्यात आहेत, मामा, जरा पुढे या. हसत हसत बोलले असते तर साहेबही हसले असते, नसते हसले तर गेले खड्ड्यात. मी साहेबांचे आभार मानले, शेठजींचे मानले, मंडपवाल्याचे मानले आणि सर्वांत शेवटी “कडूबा पेंटर यांच्या कुटुंबीयांचे” मानले. हा शब्द मीच वापरला. कोणी लिहून दिलेला नव्हता. टाळ्या झाल्या.

जेवणाच्या गर्दीत कडूबा मला शोधत आले. ते चक्क हसत होते.

“म्याडम, मेल्यावर आपलं काय करत्यात ते कोनाला बघायला भेटतं? मला भेटलं. हार लई भारी व्हता.”

“मामा, मी उद्याच पेपरात दुरुस्ती देते.”

“दिऊन टाका. आमच्या घरातलीला जरा वाईट वाटलं.”

सोमवारी गावातल्या पेपरात फोटो आला. खाली ठळक अक्षरात ‘कै. कडूबा पेंटर यांना अभिवादन’. मी दुरुस्तीच्या चार ओळी लिहिल्या आणि पेपरकडे पाठवायच्या त्या आधी शेठजींकडे पाठवल्या. विचारायची सवय. त्यांचा लगेच फोन आला.

“हे छापून काय फायदा? साहेबांचा फुकट तमाशा. आठ दिस जाऊ द्या, लोकं इसरून जातील. अन् तुमचं पत्र म्या सही करून ठिवलं हे. जल्दी घिऊन जा.”

दुपारी मी स्वतः जाऊन पत्र आणले. चार ओळी ड्रॉवरमध्ये ठेवल्या. साहेबांना, मच्छिंद्र सरांना, शेठजींना मी इतकी वर्षे मनातल्या मनात नावे ठेवत आले. पण त्यांना कळत नव्हते आणि मला कळत होते. त्या दुपारी ड्रॉवर बंद करताना मला माझी किळस आली. तरी ड्रॉवर बंद केलाच.

मंगळवारी सकाळी दालन उघडले आणि दोघे आले. उषाबाई सरळ माझ्या खोलीत शिरल्या. कपाळावर रुपयाएवढे ताजे कुंकू.

“बसा मावशी.”

“बसायला न्हाई आले. काल दुपारच्या यष्टीनं माझी जाऊ आल्ती, गोजरबाई, जांब समर्थहून. कोनीतरी पेपर वाचून सांगितलं तिला. दारातूनच हंबरडा फोडला. गळ्यात पडली माझ्या. मी म्हनून राह्यले, आवं काय झालं, काय झालं, तर रडत रडत तिनं माझं कुकू पुसलं.”

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

“पुसलं, म्याडम. हे आत चहा पिऊन राह्यले व्हते अन् भाईर माझं कपाळ पुसलं.”

“त्यांना माहीत नव्हतं, मावशी.”

“तिला म्हाईत न्हवतं. ती अडानी बाई, तिनं आपलं काम केलं. तुमाला म्हाईत व्हतं. तुमच्या हातात माइक व्हता.”

कडूबा दाराशीच उभे होते. खाली बघत होते.

“त्यो फोटू काढा तिथून,” उषाबाई म्हणाल्या.

आठ महिन्यांचे भांडण, सहा वर्षांतले एकच चित्र. तरी मी म्हणाले, “तुम्ही घरी घेऊन जा. मी लिहून देते.”

“घरी? हार घातलेला फोटू घरी आनू? घरात बी नको अन् हितं बी नको. त्याच्यावर यांचं तोंडच नको.”

तेव्हा कुठे मला कडूबांच्या हातातला पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि रुंद ब्रश दिसला. ते ठरवून आले होते.

आता मी काय बोलले तेही सांगायला हवे. मी म्हणाले, “ते चित्र आता दालनाच्या कायम संग्रहात आहे. मंडळाच्या ठरावाशिवाय त्याला कोणाला हात लावता येत नाही.” मुख्य कार्यकारी अधिकारी असेच बोलतो. उषाबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेने मी रोज सूर्यास्तांकडे बघते.

“मामा, तुम्ही तरी सांगा त्यांना,” मी म्हणाले. “असं चित्र पुन्हा होणार नाही. तुमच्याकडूनही नाही.”

“मला ठावं हे, म्याडम,” कडूबा म्हणाले. “हात कापून राह्यला आता. तसा डोळा परत न्हाई जमायचा. पर तिनं कालपासून भाकरीचा तुकडा तोडला न्हाई. अन् चित्राचं काय, चाळीस साल म्या भिंती रंगवल्या, त्याच्यावर दुसऱ्यानं चुना मारला. एवढं सोताच्या हातानं मारतो. स्टूल हे का?”

शिपायाला हाक मारायचा धीर मला झाला नाही. स्टूल मीच आणले. ते वर चढले आणि मी खाली स्टुलाचे पाय धरून बसले. उषाबाई आमच्याकडे पाठ करून घोड्यांसमोर उभ्या राहिल्या.

हार मी रविवारीच काढून टाकला होता. कपाळावरचा कुंकवाचा डाग मात्र पुसूनही थोडा राहिला होता. कडूबांनी वरून, रुमालापासून सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे एक पट्टा, मग त्याखाली दुसरा. एक थेंब ओघळला नाही, चौकटीला कुठे पांढरे लागले नाही. कपाळ गेले. मिटलेला डोळा गेला. उघड्या डोळ्याशी ते थांबले. मला वाटले, आता ते खाली उतरतील. ते जरा मागे झुकले, आपला एक डोळा मिटून पट्ट्याची कड सरळ आली का ते पाहिले आणि ब्रश पुढे नेला.

मग नाक, मग मिशी, मग दाढी. काम संपवून ते उतरले आणि लांब जाऊन बघत राहिले. पांढऱ्याखालून काळपट काहीतरी अजून दिसत होते.

“एका हातात न्हाई झाकत,” ते म्हणाले. “खालचा रंग वर येऊन राह्यला. ह्ये वाळलं की उद्या दुसरा हात मारावा लागन. तुमी हायेत ना उद्या?”

“आहे,” मी म्हणाले. “मला मुदतवाढ मिळाली. अजून तीन वर्षं आहे.”

“आरं वा!” कडूबांचा चेहरा खुलला. डब्याचे झाकण टाचेने दाबून बसवता बसवता त्यांनी बायकोला हाक दिली. “आगं, ऐकलं का? म्याडमची नोकरी पक्की झाली.” मग ब्रश फडक्यात गुंडाळत माझ्याकडे वळून म्हणाले, “मंग उद्या पेढे पाहिजेत, म्याडम.”

“आणते,” मी म्हणाले.