आठच्या मिस्साच्या वेळची गिटार

मला गॅब्रिएलची फजिती करायची होती. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला भोळी समजायला नको.

मी मर्लिन. शाळेत गणित शिकवते आणि घरी सर्फ गिटार वाजवते. यात कुणी गात नाही. एकच तार पिकने झरझर छेडायची, आणि ॲम्पमधल्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीतल्या, स्प्रिंगमुळे सूर पाण्यातून आल्यासारखा ओला घुमतो. त्यासाठी ॲम्प मोठा ठेवावा लागतो आणि आमच्या आळीत तर भिंतीला भिंत. म्हणून मी रविवारी चर्चमध्ये सहाच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, जाऊन यायचे आणि अख्खी आळी, अगदी आईसुद्धा, आठच्या मिस्साला गेली की ॲम्पसमोर माईक लावायचे. तासभर रेकॉर्डिंग, मग आठवडाभर हेडफोन लावून मिक्सिंग. कुणाला त्रास नको, एवढाच विचार. त्यामुळे मला वाजवताना कुणी ऐकलंच नाही. घरात गिटार दिसली तर लोक समजायचे, गॅब्रिएल ठेवून गेला असेल.

गॅब्रिएल माझा मावसभाऊ. चर्चच्या गायनमंडळात तीन कॉर्ड वाजवतो. त्याची वाजवायची पाळी नसली की आठचा मिस्सा चुकवून तो माझ्याकडे चहाला यायचा, म्हणून त्याला तेवढं माहीत.

पाच महिने खपून मी एक ट्रॅक पूर्ण केला. इंटरनेटवर टाकून देतो म्हणून तो फाईल घेऊन गेला आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गिटार धरून काढलेल्या फोटोखाली स्वतःच्या नावाने टाकून मोकळा झाला. आळीभर कौतुक. मी जाब विचारला.

"तुझ्या नावावर कोणी ऐकलं असतं?" तो म्हणाला. "माझ्यामुळे ऐकतायत तरी."

चोरीपेक्षा मला ते 'माझ्यामुळे' जास्त झोंबलं. पण साक्षीदार आणायचा कुठून? सगळे तर चर्चमध्ये होते.

पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सणाला जेवणानंतर त्याने तोच ट्रॅक वाजवावा असं ठरलं, तेव्हा तो निर्लज्जासारखा माझ्याकडेच आला. मागे ट्रॅक लावायचा, त्यात माझी गिटार तशीच राहू द्यायची, हा वर नुसते हात हलवणार. मी लगेच हो म्हटलं. त्याला पूर्ण ट्रॅक ऐकवला, तो खूश झाला. सणाच्या दिवशी मात्र साऊंडवाल्या दीपेशला पेन ड्राइव्ह मीच दिला, आणि त्यात माझी गिटार बंद होती. वर दीपेशला सांगितलं की गॅब्रिएलच्या गिटारचा आवाज पूर्ण उघडा ठेव, त्यानेच सांगितलंय. खोटं बोलले, तेही सणाच्या दिवशी. त्याचं कन्फेशन नंतर बघू.

ड्रम वाजले, बेस आला. मग माझी गिटार यायची त्या जागी गॅब्रिएलची खरखर सगळ्या मांडवात पसरली. तो थांबला. फाईल खराब आहे म्हणाला. त्याची आई, रिटा मावशी, दीपेशच्या अंगावर धावून गेली. सगळं खापर त्या बिचाऱ्यावर फुटणार असं दिसल्यावर मी स्टेजवर गेले, गॅब्रिएलच्या हातातून गिटार घेतली आणि ट्रॅक पहिल्यापासून लावायला सांगितलं.

मी वाजवलं. एक सूर सुटला नाही. आई तोंडावर हात ठेवून बघत होती. टाळ्या थांबेनात, आणि मला वाटलं, झालं, आता फिटलं.

तेवढ्यात गॅब्रिएलने माईक ओढला. "हेच माझं सरप्राईज होतं," तो हसत म्हणाला. "मर्लिनला मीच शिकवलंय." टाळ्या दुप्पट झाल्या, या वेळी त्याच्यासाठी. रिटा मावशी डोळे पुसत होती.

मी गिटार काढली आणि पट्टा त्याच्या गळ्यात अडकवला.

"मग सर, आता तुम्ही वाजवा," मी माईकवर म्हटलं. "मी कुठे चुकले ते सगळ्यांना कळू दे."

लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मावशी सगळ्यात जोरात. तो हळूच म्हणाला, "मर्लिन, प्लीज." माझा भाऊ, लहानपणापासून माझ्या ताटात जेवलेला. मला त्याची दया आली नाही.

मी दीपेशला ट्रॅक पुन्हा लावायला खूण केली आणि मावशीच्या शेजारी जाऊन बसले.